वारणा, खामलोली, हरिसाल आणि आता वाशिम

इंग्रज सरकारनं १९०५ साली वऱ्हाडातल्या जिल्ह्यांची फेरमांडणी केली आणि बासीम नावाचा जिल्हा नकाशावरून गेला. बासीम आणि मंगरूळ हे तालुके अकोल्याला जोडले गेले, पुसद यवतमाळकडे गेला. जे गाव वत्सगुल्म या नावानं वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होतं, ते पुढची ९३ वर्षं तालुक्याचं ठिकाण होऊन राहिलं. रिसोडच्या पलीकडच्या शेतकऱ्याचं कलेक्टर कचेरीत काही काम निघालं, की त्याला अकोला गाठावं लागे आणि एका कागदासाठी अख्खा दिवस मोडे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांसाठी कचेरी जवळ आली.

नंतरच्या पंचवीस वर्षांत मात्र ती कचेरीच जागेवरून हलली आणि पडद्यावर गेली. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘पोकरा’त, वाशिमसह पंधरा जिल्हे आले आणि त्याचे अर्ज पोर्टलवर भरायचे ठरले. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद पाठवायची. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा आला, तेव्हा सेवा केंद्रांसमोर रात्री उशिरापर्यंत माणसं बसलेली असत, कारण दिवसा सर्व्हर चालत नसे. आणि पिकाचं नुकसान झालं तर ते ७२ तासांच्या आत कळवायचं, हा तेव्हा विम्याचा नियम होता. सोयाबीन काढणीला आलेलं असताना परतीचा पाऊस कोसळायचा, तेव्हा वीज जायची, टॉवरची बॅटरी उतरायची, रेंज जायची आणि नेमके तेव्हाच ते ७२ तास सुरू झालेले असायचे. वाशिमसारख्या जिल्ह्यात, जिथे दहांतली आठ माणसं खेड्यात राहतात, तिथे इंटरनेटचा प्रश्न करमणुकीचा नाही. तो हक्काच्या पैशाचा आहे.

म्हणून महाराष्ट्रात खेड्यापाड्यांत इंटरनेट नेण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचा इतिहास वाशिमकरांनी लक्षपूर्वक वाचायला हवा. तो सरकारी फायलींत योजनांच्या नावांनी लिहिलेला आहे. मला तो गावांच्या नावांनी सांगावासा वाटतो, कारण यश आणि अपयश दोन्ही गावातच ठरलं.

वाशिम जिल्हा झाला त्याच १९९८ साली, महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरला एक मोठा प्रयोग उभा राहत होता. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारनं माहिती तंत्रज्ञानासाठी राष्ट्रीय कृती दल नेमलं होतं. खेडी संगणकांनी जोडून दाखवायची, तर सुरुवात कुठे करायची? तात्यासाहेब कोरे यांनी उभं केलेलं वारणेचं सहकाराचं जाळं समोर होतं. साखर कारखाना, दूध संघ, बाजार, शाळा-महाविद्यालयं असं सगळं एका खोऱ्यात. कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांतली ७० गावं निवडली गेली. खर्चाचा निम्मा वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा आणि १० टक्के वारणेच्या संस्थांचा. हा शेवटचा दहावा हिस्सा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गावच्या संस्थेनं स्वतःचे पैसे घातले होते, म्हणून केंद्र बंद पडलं तर जाब विचारणारं कोणीतरी होतं.

गावोगावच्या केंद्रांत संगणक बसले. त्यांवर काय काय होईल, याची यादी लांबलचक होती: शेतीचा सल्ला, बाजारभाव, सरकारी दाखले, शिक्षण. प्रत्यक्षात शेतकरी तिथे गेले ते उसासाठी. आपल्या उसाचं वजन किती भरलं, तोडीची चिठ्ठी कधी निघणार, कारखान्याकडून खत किती उचललं, खात्यावर काय शिल्लक आहे. पूर्वी यासाठी कारखान्यावर खेटे घालावे लागत. आता गावातच कळू लागलं. बाकीची यादी बहुतेक कागदावर राहिली.

काही वर्षांत संगणक जुने झाले. जोडणी फोनच्या तारेवरची, सावकाश चालणारी; दुरुस्तीचा खर्च मोठा. मग २००६च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन केंद्रातली काही मंडळी तिथे गेली आणि त्यांनी एक वेगळीच गोष्ट करून पाहिली. सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस. शेतकऱ्यानं संदेश पाठवायचा, कारखान्याच्या नोंदीतून उत्तर यायचं. खर्च कमी झाला, कामात खोट आली नाही आणि शेतकऱ्यांना हीच पद्धत जास्त पसंत पडली. तंत्र एक पायरी खाली उतरलं आणि सोय वाढली, असं क्वचित घडतं. वारणेत ते घडलं, कारण सहकारी संस्थेला आपल्या सभासदाची गरज नेमकी ठाऊक होती.

वाशिमला वारणेसारखा सहकार लाभला नाही. इथे संगणकाशी पहिली ओळख झाली ती तालुक्याच्या गावात निघालेल्या एमएस-सीआयटीच्या वर्गांत. हा अभ्यासक्रम चालवणारी ‘एमकेसीएल’ ही संस्था २००१ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्या दहा वर्षांत महाराष्ट्रातल्या एका पिढीनं माऊस धरला तो तिच्या केंद्रांत. २०११ मध्ये ‘संग्राम’ आलं. संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र असं त्याचं पूर्ण नाव. ग्रामपंचायतीत एक संगणक, एक प्रिंटर आणि एक संगणक परिचालक. खेड्यातली बारावी झालेली, पदवी घेतलेली मुलं-मुली या कामाला लागली. जन्माचा दाखला, रहिवासी दाखला, नमुना आठ, सगळं त्यांच्या हातून. त्यांचं मानधन तुटपुंजं होतं आणि तेही महिनोन्‌महिने थकायचं. त्यासाठी त्यांना मोर्चे काढावे लागले, नागपूरच्या अधिवेशनावर धडकावं लागलं. २०१५ अखेर तो प्रकल्प संपला आणि ‘आपले सरकार सेवा केंद्र’ या नावानं नवा आला. परिचालक तेच, अडचणीही त्याच. ग्रामीण महाराष्ट्राच्या डिजिटल इतिहासात मंत्र्यांची नावं येतात, या हजारो परिचालकांची येत नाहीत. नेट बंद असताना लोकांची बोलणी खाऊन, तालुक्याला जाऊन, रात्री रेंज मिळेल तिथे बसून ज्यांनी गावाचे अर्ज भरले, त्यांचं ऋण या इतिहासावर आहे.

त्याच २०११च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली होती. देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं. प्रत्येक पंचायतीला १०० एमबीपीएस. पैसा आला तो दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातून कापल्या जाणाऱ्या निधीतून, म्हणजे शेवटी तुमच्या-माझ्या फोनच्या बिलातून. मुदत दोन वर्षांची होती. नाव बदलून ‘भारतनेट’ झालं आणि पहिल्या टप्प्यातल्या एक लाख ग्रामपंचायती पूर्ण व्हायला डिसेंबर २०१७ उजाडलं.

फायबर आलं, पण बऱ्याच गावांत ते पंचायतीच्या भिंतीवरच्या एका डब्यापाशी थांबलं. कारणं साधी होती. पहिल्या टप्प्यातली तार सरळ रेषेत टाकलेली होती. तालुक्याच्या एक्स्चेंजपासून एका गावामागून दुसरं गाव. मध्ये कुठे रस्तारुंदीकरणाच्या जेसीबीनं किंवा नळयोजनेच्या चरानं तार तोडली, की पुढची सगळी गावं बंद. पंचायतीची वीज गेली की डबा बंद. तो सुरू कोणी करायचा, हे कोणालाच नेमून दिलेलं नाही. सरपंच म्हणणार, तो बीएसएनएलचा. बीएसएनएलचा माणूस म्हणणार, पंचायतीत वीजच नाही. आणि पंचायतीपासून अर्ध्या कोसावरच्या तांड्याला, वस्तीला, शाळेला त्यातून जोडणी द्यायची कशी, याचा विचार आराखड्यात फार उशिरा आला. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. तार वर्तुळात टाकायची, म्हणजे एकीकडे तुटली तरी दुसरीकडून चालेल, हे त्यात ठरलं. बारा वर्षं लागली हे शिकायला.

पंचायतीपासून वस्तीपर्यंतचं हे शेवटचं अंतर कापण्याचा सर्वांत विचारपूर्वक प्रयत्न महाराष्ट्रातच झाला, आणि त्याची आठवण मराठी वाचकाला फारशी नाही. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला होता. दूरदर्शनसाठी राखून ठेवलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात १५ वाहिन्यांची जागा आहे. त्यातली वापरात किती? मोजणी केली तेव्हा दिसलं, की देशात जवळजवळ सगळीकडे १५ पैकी किमान १२ वाहिन्यांची जागा रिकामी पडली आहे. या लहरींचा गुण असा, की त्या झाडीतून आणि उंचसखल भागातून बऱ्याच लांब जातात. वायफायच्या लहरी तिथे हात टेकतात.

मग प्रयोगासाठी खामलोली हे गाव निवडलं गेलं. आज ते पालघर जिल्ह्यात आहे. तेव्हा पालघर हा ठाणे जिल्ह्याचाच भाग होता. पश्चिम रेल्वेच्या लोकल जिथून दूर नाहीत, असा हा आदिवासी पट्टा, तरी इंटरनेटच्या दृष्टीनं अगदी कोरडा. दूरसंचार खात्याचा प्रायोगिक परवाना घेऊन सात गावांत, सुमारे २५ चौरस किलोमीटरांत चाचणी झाली. उपकरणंही बरीचशी स्वतः घडवलेली. पुढे हे काम ‘ग्राममार्ग’ या नावानं २५ गावांपर्यंत गेलं. तिथे मात्र परवान्याची गरज नसलेल्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातली, बाजारात सहज मिळणारी यंत्रं वापरली, कारण टीव्हीच्या रिकाम्या पट्ट्याचा धंद्यासाठी वापर करायला सरकार राजी झालं नाही.

तंत्राइतकाच विचार त्यांनी मालकीचा केला होता. सरकार आणि खाजगी कंपनी यांच्या भागीदारीत त्यांनी तिसरी भागीदार आणली: ग्रामपंचायत. पंचायतीनं जाळ्यासाठी पैसे घालायचे, गावातल्याच एखाद्या तरुणानं ते चालवायचं, जोडण्या द्यायच्या, बिघाड काढायचा आणि उत्पन्नात दोघांचा वाटा. सर्बानी बॅनर्जी बेलूर यांच्यासारख्या संशोधक गावागावात बसून बोलत होत्या, बायांना काय हवं, पंचायतीला काय परवडतं याचा अंदाज घेत होत्या. २०१७ मध्ये मोझिला या संस्थेच्या जागतिक स्पर्धेत ‘ग्राममार्ग’ला पहिला क्रमांक आणि सव्वा लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. दक्षिण आफ्रिका, ब्राझील इथले प्रकल्प मागे राहिले. पालघरच्या आदिवासी गावांतल्या प्रयोगानं जग जिंकलं आणि महाराष्ट्राच्या इतर जिल्हा परिषदांनी त्याकडे पाहिलं नाही, याची मला मनापासून खंत वाटते. वाशिमच्या शेजारी असता तर हा प्रयोग कदाचित मानोऱ्याच्या तांड्यांपर्यंत आला असता.

वाशिमच्या शेजारी, अमरावती जिल्ह्यात, घडलं ते वेगळं. मेळघाटातलं हरिसाल हे धारणी तालुक्यातलं कोरकू वस्तीचं गाव २०१६ मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून पुढे आलं. राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांचा तो संयुक्त प्रकल्प होता. दवाखान्यात दूरस्थ तपासणी, शाळेत स्क्रीन, दुकानात रोकडविरहित व्यवहार. कुपोषणासाठी बदनाम झालेल्या मेळघाटात हे होतंय, याचा विदर्भाला अभिमान वाटला होता. २०१९च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी भर सभेत हरिसालची चित्रफीत लावली आणि तिथे काहीच चालत नाही असं दाखवलं. सत्ताधाऱ्यांनी ते खोडून काढलं. गाव आठवडाभर वाहिन्यांच्या गाड्यांनी भरून गेलं. कोण किती खरं होतं याचा निकाल इथे लावायचा नाही. मला लागून राहिली ती दुसरी गोष्ट: या सगळ्या वादात हरिसालच्या ग्रामपंचायतीला कोणी विचारलं नाही, कारण यंत्रणेवर तिची मालकी कधी नव्हतीच. खामलोली आणि हरिसाल यांच्यातला फरक इथे आहे.

गावानं स्वतः हात घातला तर काय होतं, हे जगानं पाहिलं आहे. नेपाळच्या म्याग्दी जिल्ह्यातल्या नांगी या डोंगरातल्या गावात महाबीर पुन या शिक्षकानं टीव्हीच्या डिश आणि झाडांवर बांधलेले अँटेना वापरून वायरलेस जाळं उभं केलं. २००७ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. इंग्लंडमध्ये लँकशायरच्या मेंढपाळ गावांना कंपन्यांनी नकार दिला, तेव्हा २०११ मध्ये तिथल्या लोकांनी स्वतःची संस्था काढली, शेतकऱ्यांनी आपल्या शेतातून फुकट वाट दिली, स्वतः चर खणले आणि फायबर टाकलं. आज तिथे घराघरात एका सेकंदाला एक गिगाबिट वेग आहे.

चर खणणं वाशिमला नवं नाही. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत कारंजा तालुका उतरला, पाठोपाठ मंगरुळपीर उतरला, तेव्हा पहाटे पाचला गावंच्या गावं टिकाव-फावडी घेऊन शिवारात होती. सलग समतल चर, बांधबंदिस्ती, सगळं श्रमदानातून. कोणता चर कुठे खणायचा हे त्यांना कळलं ते प्रशिक्षणातून आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंतून. शाळा डिजिटल करण्याची लाट २०१५ नंतर महाराष्ट्रभर आली, तेव्हाही बहुतेक ठिकाणी टीव्ही आणि प्रोजेक्टर लोकवर्गणीतून आले. वर्गणी द्यायला आणि घाम गाळायला हा मुलूख मागे राहत नाही. त्याला आजवर कोणी इंटरनेटसाठी हाक दिलेली नाही, इतकंच.

२०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा ही उणीव उघडी पडली. त्याआधीच्या चार वर्षांत, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यापासून, डेटा इतका स्वस्त झाला होता की खेड्यात आता नेट पोहोचलं असं सगळ्यांनी धरून चाललं. मग एका घरात एक फोन, तोही बापाबरोबर शेतात. टेकडीवर चढलं तर रेंज, उतरलं की नाही. सिंधुदुर्गातल्या दारिस्ते गावची एक मुलगी डोंगरावर झोपडी बांधून पशुवैद्यकीचे वर्ग करत होती. तिची बातमी झाली आणि तिला जोडणी मिळाली. बातमी न झालेली मुलं किती, हे विदर्भाच्या कोणत्याही गुरुजींना विचारा.

आता ताजी घडामोड. जानेवारी २०१८ पासून वाशिम हा देशातल्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे पडलेले म्हणून केंद्रानं निवडलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. महाराष्ट्रात असे चार, नंदुरबार, गडचिरोली, धाराशिव आणि वाशिम. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी मुंबईत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत राज्य सरकार आणि स्टारलिंक यांच्यात इरादापत्रावर सह्या झाल्या. उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या या कंपनीबरोबर असा करार करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. ज्या दुर्गम भागांची नावं घेतली गेली ते हेच चार जिल्हे. शाळा, आरोग्य केंद्रं, आपले सरकार केंद्रं यांना जोडणी देण्याचा मनोदय आहे. केंद्राच्या परवानग्या मिळण्याची अट आहे.

जुने दळणवळण उपग्रह ३६,००० किलोमीटरवर असत. त्यांच्यावरून बोलताना शब्द जाऊन यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागे. हे नवे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे डॉक्टर आणि रुग्ण समोरासमोर बसल्यासारखे बोलू शकतात. वर आकाश मोकळं असलं की पुरे; ना जेसीबीची भीती, ना डोंगराची आडकाठी. वाशिम जिल्ह्यातल्या मेडशीच्या जंगलपट्ट्यातल्या वस्तीसाठी हे खरोखर मोठं साधन आहे, त्याचं स्वागतच करायला हवं.

पण छपरावरची तबकडी ही भिंतीवरच्या डब्यासारखीच आहे. तिला वीज लागते, महिन्याचं भाडं लागतं, वादळात हलली तर सरळ करणारा हात लागतो. पहिल्या वर्षाचं भाडं सरकार भरेल. तिसऱ्या वर्षाचं कोण भरणार? एका तबकडीवरून शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र आणि दोन किराणा दुकानं जोडता येतात, आणि ते करायला कायद्याची आडकाठी उरलेली नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा आणखी मोठा भाग विनापरवाना मोकळा झाला आहे. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकानदारालाही परवान्याशिवाय आणि शुल्काशिवाय सार्वजनिक वायफाय चालवता येतं. खामलोलीत जे प्रायोगिक परवाना काढून करावं लागलं, त्यातलं पुष्कळसं आज वाशिम जिल्ह्यातली कोणतीही ग्रामपंचायत आपल्या ठरावानं करू शकते. बचत गटाच्या बायांनी ते चालवायला घेतलं तर हिशेब चोख राहील, हा माझा विश्वास आहे.

ग्रामपंचायत विकास आराखडा दरवर्षी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून तयार होऊ लागतो. वाशिम जिल्ह्यातल्या सरपंचांना, ग्रामसेवकांना, आणि ग्रामसभेला न जाणाऱ्या शिकलेल्या तरुणांना माझी विनंती आहे: त्या आराखड्यात गावच्या जोडणीसाठी एक ओळ घाला, तिच्यापुढे रक्कम लिहा आणि डबा असो की तबकडी, ती सांभाळणाऱ्या गावातल्या एका माणसाचं नाव व त्याचं मानधन त्याच सभेत मंजूर करून घ्या.